शिष्यवृत्ती, गणवेश आणि झरी जामणीचा विद्यार्थी

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. कापूस आणि तूर ही येथील पिके, कोलाम आणि गोंड हे येथील जुने रहिवासी, आणि माळरानावर विखुरलेले कोलामांचे पोड ही या मुलखाची ओळख. मुकुटबनच्या बाजूला सिमेंटचा कारखाना उभा राहिला, वणीच्या बाजूने कोळशाच्या मालगाड्या धावू लागल्या. पण पोडावरच्या तरुणाच्या जीवनक्रमात त्यामुळे फार मोठा पालट झाला, असे म्हणता येणार नाही. या भागातील सडकांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले हे मात्र आता नेहमीचे दृश्य झाले आहे. सैन्यभरती किंवा पोलीसभरती हे त्यांचे लक्ष्य असते. १.६ किलोमीटरचे अंतर किती मिनिटांत कापले, हाच त्यांच्या दिवसाचा पहिला हिशेब. त्यांच्या जिद्दीविषयी कोणालाही आदरच वाटेल. परंतु या धावणाऱ्या मुलांपैकी जी मुले महाविद्यालयात शिकत आहेत, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांनीही केवळ शिपाईपदाचेच स्वप्न का पाहावे, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. लष्करात अधिकारी होणे ही आपल्या आवाक्यातील गोष्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. खरे दुखणे येथे आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना आल्यापासून या प्रश्नाला अधिकच धार आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर शंभरातील पंचवीस जणांना पुढे कायम होण्याची संधी, आणि उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन घरची वाट, असे त्या योजनेचे स्वरूप आहे. तिच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. मात्र पदवीधर होऊ शकणारा मुलगा शिक्षण अर्धवट सोडून अग्निवीर होतो आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पुन्हा गावच्या सडकेवर येऊन उभा राहतो, तेव्हा त्यात त्याचे तर नुकसान असतेच, पण सैन्याचेही असते. कारण सैन्यात अधिकाऱ्यांच्या काही हजार जागा रिकाम्या असल्याची कबुली संसदेत वेळोवेळी देण्यात आली आहे. एकीकडे अधिकारी मिळत नाहीत म्हणून चिंता, आणि दुसरीकडे काटक, रानावनाची सवय असलेली, संकटात डगमगून न जाणारी मुले केवळ वाट माहीत नाही म्हणून रांगेच्या शेवटी, ही विसंगती कोणत्याही शहाण्या राज्यकर्त्याला खुपली पाहिजे.

अधिकारी होण्याची सर्वांच्या परिचयाची वाट खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून जाते. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते जिची कोनशिला बसली, ती ही संस्था महाराष्ट्राच्या भूमीवर असूनही तिच्यात महाराष्ट्रातील मुलांची संख्या तोकडी असते, ही खंत जुनी आहे. ती दूर करण्यासाठीच राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. त्याआधी १९६१ साली देशातील पहिली सैनिक शाळा साताऱ्याला निघाली होती. २०१९ साली चंद्रपूर जिल्ह्यातही एक सैनिक शाळा सुरू झाली. मुलींना प्रबोधिनीचे दार २०२२ साली उघडले आणि पहिल्या सतरा मुली मे २०२५ मध्ये तेथून बाहेर पडल्या. मुलींसाठी नाशिकलाही सेवापूर्व शिक्षणाची सोय २०२३ साली झाली. हे सर्व स्वागतार्हच आहे.

पण या वाटेवर झरी जामणीच्या मुलाचा निभाव कितपत लागेल? प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेतील नऊशे गुणांपैकी तीनशे एकट्या गणिताचे, तेही बारावीच्या पातळीच्या गणिताचे. सैनिक शाळेची प्रवेशपरीक्षा सहावीसाठी किंवा नववीसाठी द्यावयाची. म्हणजे दहाव्या वर्षीच मुलाच्या पालकांना तिची माहिती असली पाहिजे. ज्या घरात कोलामी किंवा गोंडी बोलली जाते, जेथील मूल शाळेत गेल्यावर मराठीशी झगडते आणि नंतर इंग्रजीला सामोरे जाते, जेथे बारावीपर्यंत पोचणारा मुलगा बहुधा कला शाखेतून पोचतो, त्या घरासाठी ही वाट कागदावर मोकळी आणि प्रत्यक्षात बंद आहे. दहाव्या किंवा सोळाव्या वर्षी जे निवडले जातात, त्यांत त्यांच्या गुणवत्तेइतकाच त्यांच्या आईबापांच्या माहितीचा आणि ऐपतीचाही वाटा असतो. जनरल मनोज पांडे हे नागपूरचे सुपुत्र २०२२ ते २०२४ या काळात भारताचे सेनाप्रमुख होते, याचा विदर्भाला सार्थ अभिमान आहे. परंतु त्यांचे वडील विद्यापीठात मानसोपचाराचे अध्यापन करीत आणि आई आकाशवाणीवर होत्या, हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे बाध येत नाही. एवढेच दिसते की, सुशिक्षित शहरी घराला जी वाट सहज दिसते ती पोडावरून दिसत नाही.

पोडावरच्या मुलाला साजेशी वाट वेगळी आहे आणि ती विद्यापीठातून जाते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वरिष्ठ विभागात महाविद्यालयाची वर्षे काढून ‘क’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळविले आणि पदवीला निम्मे गुण असले, तर अल्पसेवा कमिशनच्या खास प्रवेशासाठी लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. उमेदवार थेट सेवा निवड मंडळापुढे जातो, आणि तेथे निवड झाल्यास चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत दाखल होतो. मुलींनाही हा प्रवेश खुला आहे. ज्यांना लेखी परीक्षेचीच वाट पसंत असेल त्यांनाही चेन्नईच्या प्रबोधिनीसाठी गणिताची प्रश्नपत्रिका सोडवावी लागत नाही. प्रशिक्षणाच्या काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे कला शाखेच्या, गणितात कच्च्या राहिलेल्या, उशिरा जागे झालेल्या मुलालाही ही संधी एकविसाव्या वर्षी मिळू शकते. जी व्यवस्था माणसाला दुसरी संधी देते तीच खरी लोकशाही व्यवस्था, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

विद्यापीठातून लष्करी अधिकारी घडविण्याची ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९०८ साली हॉल्डेन यांच्या सुधारणांबरोबर विद्यापीठांतून अधिकारी प्रशिक्षण पथके निघाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतातही विद्यापीठ पथक उभे राहिले. पुढे त्याचे नाव आणि रूप बदलत गेले. १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना जन्माला आली. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली ती महाविद्यालयांत सक्तीची झाली. त्या सक्तीने संख्या वाढली, पण कवायतीचा जीव गेला. हजेरी भरण्यापुरते गणवेश चढू लागले. १९६८ साली सक्ती उठली आणि छात्रसेना पुन्हा स्वेच्छेची झाली. या पाच वर्षांचा धडा विसरण्यासारखा नाही. सैनिकी शिक्षण लादून रुजत नाही. ज्याला ते हवे आहे त्याला ते परवडले पाहिजे, एवढीच व्यवस्था राज्याने करावयाची असते.

आणि नेमकी येथेच आपली व्यवस्था लंगडी पडते. अमेरिकेने १९१६ साली राखीव अधिकारी प्रशिक्षण दलाची घडी बसविली आणि १९६४ च्या कायद्याने तिला शिष्यवृत्तीची जोड दिली. विद्यार्थ्याची विद्यापीठाची फी सरकार भरते, हातखर्चाला दरमहा रक्कम देते, आणि पदवीनंतर त्याने ठराविक वर्षे सैन्यात सेवा करावी असा करार करते. जमैकाहून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा कॉलिन पॉवेल न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकत असताना याच दलात शिरला, १९५८ साली अधिकारी झाला आणि १९८९ साली त्या देशाच्या संयुक्त सेनाप्रमुखांच्या अध्यक्षपदी पोचला. त्याच्या काळी ही शिष्यवृत्ती नव्हती. परंतु त्याच्या कॉलेजात फीही नव्हती. गरिबाच्या मुलाला विद्यापीठ आणि गणवेश या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या, हे महत्त्वाचे. भारतात छात्रसेना आहे आणि शिष्यवृत्त्याही आहेत. पण त्या दोघींची गाठ कोणी घातलेली नाही. छात्रसेनेच्या कल्याणनिधीतून काही छात्रांना थोडीबहुत मदत मिळते. आदिवासी विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, आणि ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार तर शिष्यवृत्तीइतकीच जुनी आहे. परंतु ‘तू तीन वर्षे छात्रसेनेत राहा, तुझा खर्च आम्ही उचलतो, पुढे निवड मंडळापर्यंत तुला आम्ही पोचवितो’ असे त्याला कोणीही सांगत नाही.

छात्रसेनेत राहणे फुकट असते, असे शहरातील वाचकाला वाटेल. ते खरे नाही. वार्षिक शिबिर दहा दिवसांचे असते. ते दिवाळीच्या मागेपुढे आले, तर कापूसवेचणीच्या ऐन हंगामात येते. घरातील एक जाणता हात दहा दिवस गेला म्हणजे दहा दिवसांची मजुरी गेली. कवायतीसाठी सकाळी लवकर महाविद्यालयात पोचावयाचे तर त्या वेळेला बस असतेच असे नाही. मग तालुक्याच्या गावी खोली करून राहणे आले. पायातल्या बुटांपासून खुराकापर्यंत प्रत्येक गोष्टीला पैसा लागतो. आणि हे सगळे तर महाविद्यालयात पथक असेल तर! ज्यांना शासनमान्य पथक मिळाले नाही त्या महाविद्यालयांना स्वतःच्या खर्चाने पथक चालविण्याची मुभा देण्यात आली आहे. या मुभेचा लाभ कोण घेऊ शकेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको. श्रीमंत खाजगी संस्था छात्रसेना विकत घेईल, आणि डोंगरकडेचे अनुदानावर तगलेले महाविद्यालय अर्ज करून वाट पाहत बसेल. २०२४ साली छात्रसेनेत तीन लाख जागा वाढविण्याचा निर्णय झाला. त्या जागा कोठे जातात, यावर या निर्णयाचे मोल ठरेल. २०२० साली सीमेवरील आणि किनारपट्टीवरील जिल्ह्यांसाठी खास विस्तार जाहीर झाला होता. तो योग्यच होता. परंतु देशाच्या सीमा केवळ नकाशावर असतात असे नाही. विकासाची सीमा जेथे संपते तेथेही छात्रसेनेचे पथक पोचले पाहिजे.

शिष्यवृत्ती देऊन बदल्यात सेवा मागणे म्हणजे गरिबीचा सौदा नव्हे काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. श्रीमंताच्या मुलाने परदेशी जावे आणि आदिवासीच्या मुलाने फीपायी बंदूक उचलावी, ही वाटणी कोणत्याही संवेदनशील मनाला रुचणार नाही. परंतु महाराष्ट्राच्याच इतिहासात या आक्षेपाचे उत्तर आहे. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार लिहून दिला होता. त्या कराराने त्यांना खाली ओढले नाही. कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडून दिले. करारात अपमान नसतो. अपमान असतो तो करार पाळावयास गेलेल्या माणसाला मिळणाऱ्या वागणुकीत. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले आणि महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण त्यांना राहावयास जागा मिळेना, कचेरीत शिपायांनी कागद दुरून फेकावे, अशी अवस्था झाली, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. या घटनेचे तात्पर्य दुहेरी आहे. शिष्यवृत्ती माणसाला उंबरठ्यापर्यंत आणते. आतल्या माणसांनी त्याला सन्मानाने घरात घेतले नाही, तर ती वाया जाते.

लष्कराने दुर्बल समाजाला काय दिले याचाही दाखला त्याच घराण्यात सापडतो. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. पलटणीतील मुलामुलींना शिक्षण मिळत होते म्हणून त्या घरात अक्षर पोचले. ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ अशी विभागणी करून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबविली, तेव्हा त्या समाजाचे केवळ उत्पन्न बुडाले नाही, त्याच्या ज्ञानाचा झरा आटला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत त्या अन्यायाची भरपाई झाली नाही. आदिवासींच्या वाट्याला तर त्या विभागणीत लढाऊपणाची नोंददेखील नीट आली नाही. आणि हे कोणाविषयी? ज्यांच्या बाबूराव शेडमाक्यांना इंग्रजांनी १८५८ साली चांद्याला फाशी दिले, ज्यांचा कोमराम भीम १९४० साली पैनगंगेपलीकडच्या डोंगरात निजामी राजवटीशी झुंजता झुंजता पडला, त्यांच्याविषयी! स्वतंत्र भारतात १९७१ च्या युद्धात लान्सनायक अल्बर्ट एक्का या उरांव जवानाने प्राणाचे मोल देऊन परमवीरचक्र मिळविले. आदिवासी लढू शकतो हे सिद्ध करावयाचे आता काही उरलेले नाही. तो लढवू शकतो, तुकडीचे नेतृत्व करू शकतो, हे दाखविण्याची संधी त्याला द्यावयाची उरली आहे.

निवडीचे निकष सैल करावेत, अशी मागणी येथे नाही. सैन्यात अधिकाऱ्यांच्या निवडीत जातीवर आधारित राखीव जागा नाहीत. निवड मंडळापुढे पाच दिवस माणूस पारखला जातो; तेथे मानसशास्त्रीय चाचण्या असतात, गटात मिळून सोडवावयाची मैदानी कामे असतात, प्रदीर्घ मुलाखत असते. गटात चार बांबू आणि दोरखंड देऊन ओढा ओलांडावयास सांगितला, तर पोडावरचा मुलगा शहरी मुलापेक्षा मागे पडेल असे मानण्याचे कारण नाही. तो मागे पडतो तो बोलताना. चर्चेत तोंड उघडण्याचा धीर, इंग्रजीची सवय, चार अनोळखी माणसांत आपले मत मांडण्याचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो. ही उणीव गुणांची नसून सरावाची आहे आणि सराव देता येतो. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे नाशिक रोड येथील छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र हेच काम करते. मुलाखतीस पात्र ठरलेल्या तरुणांना तेथे निवास, भोजन आणि शिक्षण विनामूल्य मिळते. परंतु ते केंद्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि झरी जामणीच्या किती महाविद्यालयीन मुलांना त्याचे नाव ठाऊक असेल?

शेजाऱ्याकडे पाहण्यात कमीपणा नसतो. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाने समाजकल्याण आणि आदिवासी कल्याण विभागांच्या निवासी शिक्षणसंस्थांतून सैन्यदलाच्या पूर्वतयारीची पदवी महाविद्यालये काढली. मुलींसाठी भोनगीरला आणि मुलांसाठी सिरसिल्ल्याला. पदवीचे शिक्षण, वसतिगृह, कवायत आणि निवड मंडळाची तयारी ही सर्व एका छपराखाली, तीही दलित आणि आदिवासी घरांतील मुलामुलींसाठी! नदीच्या एका काठावर जे सुचले आणि घडले, ते दुसऱ्या काठावर का सुचू नये?

महाराष्ट्राने करावयाचे काम फार खर्चाचे नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील आदिवासी तालुक्यांत निदान एकेका महाविद्यालयाला शासनाच्या खर्चाने छात्रसेनेचे पथक मिळावे. वरिष्ठ विभागातील आदिवासी आणि गरीब छात्रांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीखेरीज दरमहा वेगळी रक्कम द्यावी आणि शिबिराच्या दिवसांची मजुरी भरून द्यावी. पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाने हे काम अंगावर घेतले, तर नवे खाते काढण्याची गरज नाही. नाशिक रोडसारखे एक केंद्र विदर्भात असावे आणि तेथे तयारी शेवटच्या दहा दिवसांत नव्हे, तर पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून व्हावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली छात्रसेनेला वैकल्पिक विषय म्हणून मान्यता दिलीच आहे. तिचा उपयोग विद्यापीठाने करून घ्यावा.

करार करावयाचा झाल्यास तो न्याय्य असावा. अमेरिकेतही चार वर्षांच्या शिष्यवृत्तीवरील विद्यार्थ्याला दुसरे वर्ष सुरू होण्यापूर्वी कोणतेही बंधन न राहता बाहेर पडता येते. तशी सवलत येथेही असावी. अठराव्या वर्षी केलेली सही माणसाला जन्मभर बांधणारी नसावी. निवड मंडळाने ज्याला नाकारले त्याच्याकडून एक पैसाही परत मागू नये. कारण तो हरला तरी समाज हरत नाही. तीन वर्षे शिस्तीत राहिलेला, चारचौघांत बोलावयास शिकलेला, पदवी हाती असलेला तो तरुण पुढे फौजदार होईल, वनाधिकारी होईल, शिक्षक होईल; काही नाही तर आपल्या पोडावरच्या धाकट्या भावाबहिणींना ही वाट दाखवील.

कापसाच्या भावाने आणि पावसाच्या लहरीने खचलेल्या या जिल्ह्याचे नाव गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतूनच राज्याच्या कानी पडत आले आहे. त्या बातम्यांखेरीज दुसरी काही वार्ता यवतमाळहून यावी, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी पहाटे धावणाऱ्या मुलांकडे पाहावे. त्यांच्या पायांत बळ आहे, छातीत दम आहे आणि सेवेची हौस आहे. धावत जाऊन ती ज्या दारावर थडकतात, त्याच्या शेजारी दुसरेही एक दार आहे, एवढे त्यांना सांगावयाचे आहे. आणि त्या दारापर्यंतचा खर्च उचलावयाचा आहे. पुढचे अंतर ती मुले आपल्या पायांनी कापतील.